ससाण्याचा वेग कमी करू नका: महाकाय रोबोटांच्या लढाईत चपळाई आणि वळण यांचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातली एक विद्यार्थी टीम अनरीअल इंजिनवर (गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर) महाकाय रोबोटांच्या लढाईचा गेम करते आहे. रोबोट तीन, उंची प्रत्येकी साधारण १४ मीटर. २५ टनांचा ‘ससाणा’, ५० टनांचा ‘गवा’ आणि ८५ टनांचा ‘गजराज’. नकाशेही तीन: महाद्वार रोडचा परिसर, खासबाग मैदान आणि पन्हाळ्याची चढण. अडचण अशी की ससाणा गजराजाभोवती गरगर फिरत राहतो, गजराजाची तोफ त्याच्यावर येतच नाही आणि ससाणा आरामात जिंकतो. टीमने ससाण्याचा वेग सेकंदाला २५ मीटरवरून १८ मीटरवर आणला. निकाल तोच राहिला, वर खेळणारे म्हणू लागले की आता यात मजाच उरली नाही.

तो वेग परत २५ वर न्या. दोष वेगात नाही, आणि ते आकड्यांनी दाखवता येतं.

तुमच्या गेममध्ये तीन वेगळ्या गोष्टी एकाच खुंटीला टांगल्या आहेत. एक, कमाल वेग. दुसरी, चपळाई: उभा असलेला रोबोट किती झटकन पळू लागतो, पळणारा किती लवकर थांबतो, डावीकडे जाणारा उजवीकडे कधी वळतो. तिसरी, वळणक्षमता: चालू वेगात तो किती लहान वर्तुळात फिरू शकतो आणि शत्रूकडे धड किती लवकर वळवतो. खेळणाऱ्याला तिन्ही मिळून ‘फास्ट’ वाटतात, पण तोल साधताना त्या सुट्या हाताळाव्या लागतात. मेकवॉरिअर ऑनलाइन या रोबोट-लढाईच्या गेममध्ये वेगाचं सूत्र सरळ होतं: इंजिनचं रेटिंग भागिले टन, गुणिले १६.२, म्हणजे ताशी किलोमीटर. ३०० चं इंजिन ५० टनी रोबोटात घातलं की ताशी ९७.२ किमी. पण तेच इंजिन वळण्याचा आणि धड फिरवण्याचा वेगही ठरवायचं, त्यामुळे मोठं इंजिन हे सगळ्यावरचं एकच औषध होऊन बसलं. शेवटी २०१७ मध्ये त्यांनी चपळाई इंजिनपासून तोडली. तुम्ही हे काम सुरुवातीलाच करून टाका.

आता मूळ हिशोब. पुढे त्वरणाचे सगळे आकडे मीटर प्रति सेकंद वर्ग या मापात आहेत, दर वेळी लिहीत नाही. गजराजाचा निशाणा सेकंदाला जास्तीत जास्त ४५ अंश फिरतो, म्हणजे ०.७८५ रेडियन. ससाण्याला त्याच्या पाठीमागे जायचं तर त्याभोवती यापेक्षा जास्त कोनीय वेगाने फिरायला हवं. त्याच्यावर दोन बंधनं आहेत. पहिलं कमाल वेगाचं: अंतर हे वेग भागिले कोनीय वेग यापेक्षा कमी हवं. २५ भागिले ०.७८५ म्हणजे ३१.८ मीटर. दुसरं आडव्या त्वरणाचं: वर्तुळात फिरायला आत खेचणारं त्वरण लागतं, म्हणून अंतर हे आडवं त्वरण भागिले कोनीय वेगाचा वर्ग यापेक्षाही कमी हवं. या दोनपैकी जो आकडा लहान, तेवढ्या अंतराच्या आत गजराज आंधळा. त्याला मी ‘आंधळं वर्तुळ’ म्हणतो.

तुम्ही सगळ्या दिशांना ४० चं त्वरण दिलंय. म्हणजे दुसरं बंधन ६५ मीटरवर जातं आणि त्याचा काही उपयोगच राहत नाही. राहतं फक्त वेगाचं. २५ च्या वेगाला आंधळं वर्तुळ ३१.८ मीटर, १८ च्या वेगाला २२.९. वेग कमी केल्याने काय झालं? ससाणा नऊ मीटर आत सरकला आणि पुन्हा तेच करू लागला. खेळणाऱ्यांनी ते दोन सामन्यांत शोधून काढलं असणार.

आता वेग २५ च ठेवा आणि आडवं त्वरण १२ करा. आंधळं वर्तुळ होतं १२ भागिले ०.६१७, म्हणजे १९.४ मीटर. त्या वर्तुळात टिकायला ससाण्याला वेग साधारण १५ वर आणावाच लागतो, कारण पूर्ण वेगात त्याचं सगळ्यात लहान वर्तुळ ५२ मीटरचं होतं आणि तिथे गजराजाला सेकंदाला फक्त २७ ते २८ अंशांनी फिरावं लागतं, जे त्याला सहज जमतं. मोकळ्या मैदानात ससाणा वाऱ्यासारखा पळतो, मजा शाबूत राहते. पण गजराजाची पाठ हवी असेल तर वेग सोडून २० मीटरच्या आत घुसावं लागतं, आणि तिथे गजराजाच्या हातात काहीतरी असायला हवं: पाय आपटून १५ मीटरपर्यंत धक्का देणारा वार, किंवा जवळून छर्रे उडवणारी बंदूक. आंधळं वर्तुळ शून्यावर आणू नका. ससाण्याचं बक्षीस तेच आहे. ते महाग करायचं, काढून घ्यायचं नाही.

सुरुवातीसाठी हे आकडे धरा. ससाणा: कमाल वेग २५, पुढे त्वरण १४, ब्रेक १८, आडवं १२, निशाणा ११० अंश. गवा: १७, ८, १०, ८ आणि ७० अंश. गजराज: १२, ५, ७, ५ आणि ४५ अंश. पुढचं, ब्रेकचं आणि आडवं त्वरण वेगळं ठेवलंय ते मुद्दाम. ब्रेक नेहमी पुढच्या त्वरणापेक्षा जास्त असावा, नाहीतर रोबोट बर्फावर चालल्यासारखा वाटतो. यात एक गोष्ट आपोआप जमते: ससाण्याला थांबायला १७.४ मीटर लागतात, गव्याला १४.५ आणि गजराजाला फक्त १०.३. म्हणजे भिंतीच्या कोपऱ्यावर नेमकं थांबायचं काम जड रोबोट जास्त चांगलं करतो. गव्यावर ससाण्याचं आंधळं वर्तुळ तपासून बघा: ७० अंशांना ते ८ मीटरचं येतं, म्हणजे जवळपास अंगाला अंग. ससाणा गजराजाला घेरू शकतो, गव्याला नाही. तिघांना एकमेकांची भीती हवी, आणि ती या एका भागाकारातून येते.

याला एक अट आहे. ४५ अंश हा मी जगाच्या मापाने धरलेला निशाण्याचा वेग आहे. तुमच्याकडे धड पायांच्या सापेक्ष फिरत असेल आणि पायही वळत असतील, तर दोन्हींची बेरीज करावी लागेल. तसंच धडाला टोक असतं. समजा धड दोन्ही बाजूंना १२० अंशच फिरतं आणि पाय सेकंदाला २० अंशांनी वळतात. ससाणा ४४ अंशांनी फिरतोय, म्हणजे धड दर सेकंदाला २४ अंश मुरडतंय आणि ५ सेकंदांत टोकाला जाऊन अडकतं. तिथून पुढे गजराजाकडे फक्त पायांचा वेग उरतो. ही उणीव मानू नका, तशीच राहू द्या. चांगला गजराज-चालक पाय आधीच वळवायला लागतो, नवखा धडावर विसंबतो आणि पाचव्या सेकंदाला मार खातो. फक्त धड टोकाजवळ येतंय हे पडद्यावर दिसलं पाहिजे, आवाजातही आलं पाहिजे.

अनरीअलमधली खोच

तुम्ही कॅरेक्टर मूव्हमेंट कंपोनंट, म्हणजे पात्राला हलवणारा अनरीअलचा तयार भाग, वापरताय असं दिसतं. त्याचे मूळ आकडे माणसासाठी आहेत: कमाल त्वरण २०४८ सेंटिमीटर, ग्राउंड फ्रिक्शन (जमिनीचं घर्षण) ८, फिरण्याचा वेग ३६० अंश. बहुतेक जण कमाल त्वरण बदलतात आणि फ्रिक्शन तसंच सोडतात. पण या कंपोनंटमध्ये फ्रिक्शनचं काम फक्त थांबवणं नाही. ते दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या दर चित्राला, वेगाची दिशा इनपुटच्या, म्हणजे खेळणाऱ्याने मागितलेल्या दिशेकडे ओढतं. काटकोनात वळताना त्यातून येणारं आडवं त्वरण म्हणजे फ्रिक्शन गुणिले वेग: ८ गुणिले २५, म्हणजे २००. शिवाय कमाल त्वरणाचा आडवा भाग वेगळाच. म्हणजे तुम्ही ४० लिहिलं असलं तरी प्रत्यक्षात रोबोट त्याच्या पाचपटीहून जास्त जोराने वळतोय. म्हणूनच तुमचा २५ टनी रोबोट एखाद्या माणसासारखा दिशा बदलतो.

फ्रिक्शन एक-दीडवर आणून काम निम्मं होतं, पण निम्मंच. वेग वाढला की आडवं त्वरणही वाढतं, आणि तुम्हाला ते सगळ्या वेगांना ठरावीक हवंय. नीट उपाय म्हणजे मूव्हमेंट कंपोनंटचा स्वतःचा क्लास करून कॅल्क व्हेलॉसिटी हे वेग काढणारं फंक्शन ओव्हरराइड करणं, म्हणजे त्याच्या जागी आपलं लिहिणं. त्यात मागितलेलं त्वरण दोन भागांत तोडा: चालू वेगाच्या दिशेतलं आणि त्याला काटकोनातलं. पहिल्याला पुढच्या किंवा ब्रेकच्या मर्यादेत बसवा, दुसऱ्याला आडव्या मर्यादेत. वेग सेकंदाला २ मीटरपेक्षा कमी असेल तर ही विभागणी बंद ठेवा, नाहीतर उभ्या रोबोटला ‘पुढे’ म्हणजे कुठे हेच ठरत नाही आणि तो जागेवर थरथरतो. ब्रेकिंगचं फ्रिक्शन वेगळं ठेवण्याची खूण सेटिंगमध्ये आहे, ती चालू करा.

चुकवणं आणि डॅश

त्वरण १२ केलं की ससाण्याला रॉकेट नुसतं बाजूला होऊन चुकवता येत नाही. १२० मीटरवरून सेकंदाला १५० मीटर वेगाचं रॉकेट ०.८ सेकंदात येतं. त्यातले ०.२५ सेकंद माणसाच्या प्रतिक्रियेला जातात, सुमारे ०.१ सेकंद हालचालीच्या तयारीला. उरतात ०.४५, आणि तेवढ्यात रोबोट सरकतो १.२ मीटर. त्याची निम्मी रुंदी २.५ मीटर आणि स्फोटाची त्रिज्या ४ मीटर, म्हणजे ६.५ मीटर सरकायला हवं. जमणार नाही.

म्हणून डॅश, म्हणजे एका झटक्यात बाजूला उसळणं, लागतो. सेकंदाला ३२ मीटरने ०.२५ सेकंद, म्हणजे ८ मीटर. त्याआधी ५ फ्रेमची तयारी द्या, ६० फ्रेमच्या दराने ते ०.०८ सेकंद होतात. यात गुडघे वाकतात, दाबाने वाफ सुटते, समोरच्याला सुगावा लागतो. डॅशनंतर ०.३५ सेकंद आडवं त्वरण निम्मं. ससाण्याला दोन डॅश, गव्याला आणि गजराजाला एक. परत भरायला प्रत्येकी ५ सेकंद. गजराजाचा डॅश ४ मीटरचाच ठेवा, तो चुकवण्यासाठी नसून आडोशामागे सरकण्यासाठी आहे.

या आकड्यांनी पुन्हा हिशोब केला तर प्रतिक्रिया, तयारी आणि ६.५ मीटरचा डॅश मिळून साधारण ०.५३ सेकंद लागतात, म्हणजे ८० मीटरच्या पलीकडून आलेलं रॉकेट बघून चुकवता येतं. आतून आलेलं आधी ओळखूनच चुकवावं लागतं. ही ८० मीटरची रेघ तुमच्या नकाशांसाठी फार कामाची आहे. महाद्वार रोडसारख्या गल्लीत ८० मीटर मोकळी दृष्टी क्वचित मिळते, आणि ५ मीटर रुंद रोबोटाला ८ मीटर बाजूला सरकायला जागाही नसते. तिथे गजराज राजा. खासबागचं गोल मोकळं मैदान उलट ससाण्याचं. एका नकाशावर कोण जिंकतो यावरून रोबोटाचे आकडे बदलू नका.

डॅशमध्ये लागलेला मार तोल जाण्याच्या मीटरवर दीडपट धरा. आर्मर्ड कोअर ६ या रोबोट-लढाईच्या गेममध्ये धक्क्यांचं मीटर भरलं की रोबोट काही क्षण हतबल होतो आणि त्याला जास्त इजा होते. त्याच धर्तीवर तुमच्याकडेही चपळ रोबोटाला त्याच्या चपळाईची किंमत मोजायला लावणारी एखादी गोष्ट हवी. आरोग्याचे गुण कमी करून ती किंमत वसूल करणं सोपं वाटतं, पण त्याने नवखे खेळाडू भरडले जातात. ससाण्याला ३००० गुण असतील आणि त्याच्यावरच्या १०० पैकी ४० गोळ्या लागत असतील, तर त्याचे खरे गुण ७५०० होतात. नवख्याला ६० लागल्या तर ५०००, पट्टीच्या खेळाडूला २५ लागल्या तर १२०००. जड रोबोटात हा फरक फारसा पडत नाही. त्यामुळे सरासरी जिंकण्याचं प्रमाण निम्मं-निम्मं दिसलं तरी ससाणा खाली दुबळा आणि वर अजिंक्य असू शकतो. कौशल्याच्या तीन पट्ट्या करून आकडे वेगळे बघा.

गजराज सुस्त वाटू नये म्हणून

इथे बहुतेक टीम घसरतात. जडपणा दाखवायचा म्हणून इनपुटलाच उशीर लावतात. बटण दाबल्यावर दहाव्या फ्रेमला काहीतरी हललं तर ते जड वाटत नाही, बिघडलेलं वाटतं. आखाड्यातला वजनदार मल्ल बघा: पाय सावकाश टाकतो, पण समोरच्याने पट काढायला हात घातला की त्याचा हात त्याच क्षणी मानेवर पडलेला असतो. गजराजाचंही तसंच हवं. पहिल्याच फ्रेमला धड फिरायला लागलं पाहिजे, कमरेचा भाग खाली बसला पाहिजे, मोटारचा आवाज चढला पाहिजे. शरीर पुढे सरकायला मात्र हवा तितका वेळ घ्या. निशाण्याचं कोनीय त्वरण ३०० अंश प्रति सेकंद वर्ग ठेवा; ४५ अंशांचा पूर्ण वेग ०.१५ सेकंदात मिळतो. कमाल कमी, सुरुवात झटपट.

पडद्यावर दोन खुणा ठेवा: चालक बघतोय ती बारीक टिकली आणि तोफ खरोखर वळलीय ते वर्तुळ. माउसने माणूस क्षणात ३०० अंश मागतो. टिकली लगेच जाते, वर्तुळ ४५ ने मागून येतं. कॅमेरा कधीही वर्तुळाला बांधू नका, मळमळ होते.

पावलांबद्दल. कमी गुरुत्वाचा भास टाळायचा तर काळ उंचीच्या वर्गमुळाने ताणावा लागतो. १.७ मीटरच्या माणसापेक्षा १४ मीटरचा रोबोट ८.२ पट उंच, त्याचं वर्गमूळ २.९. माणसाचं पाऊल अर्ध्या सेकंदाचं, तर रोबोटाचं जवळजवळ दीड सेकंदाचं. शिवाय ७ मीटर लांब पायांना सेकंदाला ५.९ मीटरच्या, म्हणजे ताशी २१ किलोमीटरच्या आसपास चालणं सोडून पळणं भाग पडतं. गजराज १२ च्या वेगाला चालताना दाखवला तर पाय घसरल्यासारखे दिसतात. त्या वेगाला जड दुडकी चाल द्या. ससाण्याला २५ च्या वेगाला पावलं टाकायला लावू नका. तळपायात चाकं द्या, तो घसरत वळू द्या. मग ५२ मीटरचं वर्तुळ खेळणाऱ्याला डोळ्यांनीच पटतं, आणि पावसाळ्यात उसाच्या चिखलात आडवं त्वरण ६ वर आणलंत तर तेही कुणाला खटकत नाही.

पन्हाळ्याच्या चढणीवर एक छुपा अन्याय आहे. २० अंशांच्या चढावर गुरुत्व ३.४ चं त्वरण खातं. ससाण्याकडे १४ मधले १०.६ उरतात, गजराजाकडे ५ मधले १.६, आणि पूर्ण वेग गाठायला त्याला अडीचऐवजी सात सेकंदांहून जास्त लागतात. चढाचा दंड सरळ वजा करू नका. प्रत्येकाचं पुढचं त्वरण ठरावीक टक्क्यांनी कमी करा, २० अंशांना सुमारे ३०.

नेटवर्कचं थोडक्यात: सर्व्हर मुंबईत ठेवला तरी मोबाइल डेटावर खेळणाऱ्याला १०० मिलिसेकंदांचा उशीर धरून चाला. तेवढ्यात १२ च्या त्वरणाने अंदाज फक्त ६ सेंटिमीटरने चुकतो, डॅशमध्ये मात्र ३.२ मीटरने. म्हणून डॅश ही जागेची बातमी म्हणून पाठवू नका. सुरुवातीची वेळ आणि दिशा यांची एक घटना म्हणून पाठवा. ती ५ फ्रेमची तयारी इथे दुसऱ्यांदा कामी येते, कारण उशिराचा बराचसा भाग तिच्यात झाकला जातो.

आता चाचणी. खेळाडू बसवण्याआधी दोन बॉट, म्हणजे संगणकाने चालवलेले खेळाडू, बसवा. गजराज-बॉटचा निशाणा अचूक, पण ४५ अंशांवर अडवलेला. त्याचे पाय स्थिर आणि धडाची १२० अंशांची मर्यादा चाचणीपुरती काढलेली. ससाणा-बॉट त्याच्याभोवती १० मीटरपासून ६० मीटरपर्यंत, दर वेळी ५ मीटर वाढवत, जमेल त्या कमाल वेगाने फिरवा, डॅश बंद. प्रत्येक अंतरावर ३० सेकंदांत किती वेळ ससाणा निशाण्याच्या ३ अंशांच्या आत होता ते नोंदवा. आलेख १५ मीटरपर्यंत जमिनीला चिकटलेला आणि २० पासून एकदम वर गेलेला दिसला पाहिजे. उडी ३० च्या पुढे येत असेल तर आडव्या त्वरणाची मर्यादा लागूच होत नाहीये. जुनं फ्रिक्शन कुठेतरी शिल्लक आहे. मग डॅश चालू करून तेच पुन्हा करा. २५ मीटरवर प्रत्येक डॅशला निशाणा सहा-सात अंशांनी मागे पडून लगेच सावरायला हवा. सावरत नसेल तर डॅश भरायचा वेळ ५ वरून ६ सेकंद करा.

यानंतर माणसांची पाळी. बदल करताना क्रम असा ठेवा: आधी आडवं त्वरण, मग डॅशची संख्या आणि भरायचा वेळ, मग निशाण्याचा वेग, सगळ्यात शेवटी आरोग्याचे गुण. एका वेळी एकच आकडा, १० ते १५ टक्क्यांनी. आणि गोळ्या लागण्याचं प्रमाण अंतराच्या चार पट्ट्यांत साठवा: २० मीटरच्या आत, २० ते ८०, ८० ते १५०, आणि त्यापुढे. पहिल्या पट्टीत ससाणा वरचढ, दुसरीत गजराज, तिसरीत पुन्हा ससाणा असं चित्र यायला हवं. चौथ्या पट्टीत कुणीच वरचढ दिसू नये. दिसलं तर दोष हालचालीचा नाही, शस्त्राचा आहे.